सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही : हरवलेली ठिणगी शोधायची कशी?



आठवीच्या विज्ञानात 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा पाठ आहे. दहावीत 'विद्युतधारेचे परिणाम' आहे. मुलं घट, कळ आणि बल्ब यांची सुबक आकृती काढतात, बाण दाखवतात, पूर्ण गुण घेतात. आणि त्याच मुलांना आणणारी व्हॅन एरंडोलच्या पुढे महामार्गावर बंद पडली, की आकृतीतला तोच परिपथ समोर उघडा असूनही कुणाला ओळखू येत नाही. व्हॅनवाले काका म्हणतात, "करंट येत नाही." पालक म्हणतात, "मग गॅरेजवाल्याला बोलवा." गॅरेजवाला येतो आणि एकेक सुटा भाग बदलत सुटतो.

आज या 'करंट येत नाही' बद्दल लिहिते आहे. गाडी दुरुस्त करायला शिकवणं हा हेतू नाही. पण बिघाड शोधायची पद्धत समजली तर दोन फायदे आहेत. वर्गात परिपथ शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही, हा पहिला. दुसरा पालकांसाठी : व्हॅनमध्ये घाईघाईत केलेली एक 'डायरेक्ट वायर' किती धोक्याची असते, ते तुम्हाला स्वतः ओळखता येईल. त्यावर शेवटी सविस्तर लिहिलं आहे. वेळ नसेल तर तो भाग तरी वाचा.

आधी एक खुलासा. आपल्या खान्देशात धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीप, ट्रॅक्स, बोलेरो, ट्रॅक्टर हे बहुतेक सगळे डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात ठिणगी लागतच नाही. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याइतकी गरम होते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे डिझेल गाडी बंद पडली आणि कुणी 'प्लगला करंट नाही' म्हणालं, तर तिथेच थांबवा. हा लेख पेट्रोल आणि गॅसवर चालणाऱ्या चारचाकीचा आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोर आहे ती मारुती ओम्नी. 1984 साली आलेली ही गाडी 2019 मध्ये कंपनीने बनवायची थांबवली, तरी जुन्या ओम्नी गावोगावी अजून दिसतात. तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. म्हणजे ड्रायव्हर आणि शेजारी बसलेली दोन पोरं अक्षरशः इंजिनावर बसलेली असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बारा व्होल्टचे वीस हजार कसे होतात?

बॅटरी 12 व्होल्टची. तिची दोन्ही टोकं कोरड्या हाताने धरली तरी काही जाणवत नाही. पण प्लगच्या टोकांमधली साधारण 0.7 ते 1 मिलिमीटर फट ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये तेच मिश्रण दाबलेलं असतं, म्हणून तिथे कितीतरी जास्त लागतात. इग्निशन कॉइल पंधरा ते पंचवीस हजार व्होल्ट तयार करते ती यासाठीच.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, कमी वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, पहिलीच्या साधारण शंभरपट वेढ्यांची. इथे हुशार मूल लगेच हात वर करतं : "मॅडम, शंभरपट वेढे म्हणजे 12 चे 1200 व्होल्ट झाले. वीस हजार कुठून आले?"

प्रश्न बरोबर आहे, आणि बरीच गाईडं तो टाळून 'कॉइल व्होल्टेज वाढवते' एवढंच लिहून मोकळी होतात. खरं उत्तर असं. जाड तारेतून तीन-चार अँपिअर धारा वाहत असताना गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार झालेलं असतं. मग धारा अचानक तोडली जाते. क्षेत्र क्षणात कोसळतं, आणि फॅरेडेने 1831 मध्ये दाखवल्याप्रमाणे, क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितकं जास्त व्होल्टेज तारेत निर्माण होतं. या झटक्याने त्या जाड तारेतच 200-300 व्होल्ट उसळतात. त्याचे शंभरपट करा. आले वीस-तीस हजार.

म्हणजे ठिणगी पडते ती धारा सुरू केल्यावर नाही, तोडल्यावर. हा मुद्दा मनात पक्का बसला की पुढची सगळी तपासणी सोपी होते. कारण ठिणगी हवी असेल तर तीन गोष्टी लागतात : कॉइलला बॅटरी मिळाली पाहिजे, कुणीतरी ती धारा योग्य क्षणी तोडली पाहिजे, आणि तयार झालेला दाब वाटेत कुठेही न सांडता प्लगपर्यंत पोचला पाहिजे.

वर्गात दाखवायचं असेल तर जुन्या ट्यूबलाईटचा तांब्याच्या तारेचा चोक आणा, 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी आणा आणि जुन्या स्विचबोर्डच्या इंडिकेटरमधला छोटा निऑन दिवा चोकच्या दोन टोकांना जोडा. निऑनला पेटायला साठ-सत्तर व्होल्टच्या वर लागतात, म्हणून बॅटरी जोडली तरी तो पेटत नाही. बॅटरीची वायर काढली, की त्या क्षणी लाल चमक! मुलं अक्षरशः ओरडतात. उघडी टोकं मुलांच्या हातात देऊ नका, झटका बसतो. वायर तुम्हीच काढा.

आता 'तोडणारा कोण' ते पाहू. जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत, हे काम प्लॅटिनम पॉइंट करायचे. फिरत्या दांड्यावरचा उंचवटा दोन छोटे संपर्क उघडायचा. (मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा बातम्या वाचल्या असतील.) नंतरच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत पॉइंट जाऊन पिकअप कॉइल आणि इग्नायटर आले. तत्त्व तेच, फक्त संपर्काच्या जागी ट्रान्झिस्टर. आणि तीन प्लगमध्ये ठिणगी पाळीपाळीने वाटायचं काम डिस्ट्रिब्युटरचं. काही जुने मिस्त्री त्याला 'डेल्को' म्हणतात. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी 1909 मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरात काढलेल्या कंपनीचं ते नाव. बॅटरी आणि कॉइलवर चालणारी ही पद्धत मोटारींमध्ये रुळवली ती याच लोकांनी. शंभरहून जास्त वर्षांनी ते नाव आपल्याकडच्या गॅरेजमध्ये जिवंत आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

गणिताच्या तासाला हे द्या : तीन सिलिंडरचं चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती ठिणग्या? प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला 1500. तीन सिलिंडरच्या 4500. सेकंदाला 75. आणि यातली प्रत्येक ठिणगी योग्य वेळी पडावी लागते.

शोधायचं कुठून?

'एक ते शंभरमधला आकडा ओळख' हा खेळ आपण सगळे वर्गात घेतो. जे मूल 'एक आहे का? दोन आहे का?' असं विचारत बसतं ते हरतं. जे मूल 'पन्नासपेक्षा मोठा का?' विचारतं, ते जास्तीत जास्त सात प्रश्नांत पोचतं. बिघाड शोधणं हा तोच खेळ आहे. प्लग बदलून बघ, मग कॉइल बदलून बघ, मग कॅप, ही पहिल्या मुलाची पद्धत झाली. फरक एवढाच की इथे प्रत्येक चुकीच्या अंदाजाचे पैसे लागतात.

सगळ्यात आधी खात्री करा की तक्रार ठिणगीचीच आहे. चावी फिरवल्यावर सेल्फ नुसता 'टक' करतो किंवा काहीच करत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ बघा. हा लेख तिथे लागू नाही. सेल्फ जोमाने फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, तर मग पेट्रोल नाही किंवा ठिणगी नाही. मीटर असेल तर बॅटरी मोजून घ्या. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना दहाच्या फार खाली जायला नको. कधीकधी सेल्फ बॅटरीतलं इतकं ओढून घेतो की कॉइलच्या वाट्याला काही उरत नाही.

आणि गाडीला धक्का मारायला लावू नका, मुलांना तर मुळीच नाही. धक्का उपयोगी पडतो तो सेल्फ किंवा बॅटरी कमजोर असेल तेव्हा. ठिणगीच नसेल तर पारोळ्यापर्यंत ढकलत नेली तरी ती चालू होणार नाही. उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि अचानक ठिणगी आली तर मोठा बार निघतो.

ठिणगी पाहायची ती एका जादा प्लगवर. एका प्लगची वायर काढून या जादा प्लगला लावा आणि प्लगचा धातूचा भाग क्लिपच्या वायरने इंजिनाच्या उघड्या लोखंडाला पक्का जोडा. हाताने धरायचा नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी सगळं उघडून हवा येऊ द्या, गॅस किट असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, मुलांना उतरवून रस्त्यापासून लांब सावलीत बसवा. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने जवळ येऊ नये. मग एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने बघायचं. कडकड आवाज करणारी निळसर पांढरी ठिणगी म्हणजे तब्येत चांगली. बारीक, केशरी, अधूनमधून येणारी म्हणजे आजारी. काही मिस्त्री वायरचं टोक नुसतं लोखंडाजवळ धरून 'करंट' बघतात. इलेक्ट्रॉनिक इग्नायटरच्या गाडीत हे करू देऊ नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की तो दाब कॉइलच्या आतच फुटतो आणि चांगली कॉइल जाते.

एकाच प्लगला ठिणगी नाही, बाकी दोघांना आहे? मग दोष त्या एकट्याच्या वाटेवर, म्हणजे त्याची वायर, कॅपमधला त्याचा संपर्क किंवा प्लग. तिन्हींना नाही? तीन प्लग एकाच वेळी मरत नाहीत. दोष तिघांच्या सामाईक वाटेवर. मसावि शिकवताना सामाईक अवयव शोधतो ना, तसंच.

तिन्हींना नसेल तर सामाईक वाट मधोमध कापायची. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या मध्यभागी जाणारी जाड वायर काढा, तिच्या टोकाला तोच जादा प्लग लावा, सेल्फ मारा. इथे जोरदार ठिणगी आली, तर कॉइल आणि तिच्या मागचं सगळं ठीक आहे. बिघाड कॅप किंवा रोटरमध्ये. इथेही नाही आली, तर कॅप, रोटर, प्लग आणि प्लगच्या वायरींना हातही लावू नका. (शंका असलीच तर फक्त ही मधली वायर मीटरवर बघा. चांगल्या वायरचा रोध काही हजार ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतून तुटली.) एका तपासणीत अर्धी गाडी बाद झाली.

दहा रुपयांचा बल्ब आणि महागडा मीटर

आता कॉइलकडे. कॉइलला दोन छोटे खिळे असतात, अधिक आणि उणे. टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा 12 व्होल्ट 5 वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. एका टोकाला क्लिप, दुसऱ्याला टोकदार सळई. क्लिप इंजिनाच्या लोखंडाला लावा, चावी चालू करा, सळई कॉइलच्या अधिक खिळ्याला टेकवा. बल्ब झगझगीत पेटला पाहिजे. नाही पेटला तर मागे जा : फ्यूज, चावीचा स्विच, वाटेतले कपलर.

इथे मीटर फसवतो, आणि ते का हे मुलांना जरूर सांगा. समजा कपलरमध्ये हिरवा गंज चढून तिथे 10 ओहमचा अडथळा झालाय. मीटर स्वतः जवळजवळ काहीच धारा घेत नाही, त्यामुळे तो अडथळ्यापलीकडेही 12 व्होल्ट दाखवतो. गॅरेजवाला म्हणतो, सप्लाय ओके. पण 3 ओहमची कॉइल जोडली की एकूण रोध 13 ओहम, धारा 12 ÷ 13 म्हणजे 0.92 अँपिअर, आणि कॉइलच्या वाट्याला येतात जेमतेम 2.8 व्होल्ट. ओहमचा नियम आपण फळ्यावर शेकडो वेळा लिहितो. तो इथे एवढा कामाला येतो. पाइपला नळ बंद असताना दाब पूर्ण असतो आणि नळ उघडला की धार बारीक, हे ज्याने उन्हाळ्यात टँकरवर पाणी भरलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून बल्बने तपासा, किंवा मीटर लावायचाच असेल तर कॉइल जोडलेली ठेवून सेल्फ मारताना मोजा. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर आणि कॉइलवर जे आकडे येतील, त्यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक दिसला तर वाटेत कुठेतरी गळती आहे. काही जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांत कॉइलच्या आधी मुद्दाम रोध बसवलेला असतो, तो मात्र बिघाड नव्हे.

चावीच्या स्विचचं एक खास लक्षण सांगते. सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडली की लगेच बंद पडतं, किंवा याच्या उलट, चावी सोडता सोडताच पकडतं. दोन्हीत चावीच्या आतल्या एका स्थितीचा संपर्क जळलेला असण्याची शक्यता फार.

अधिकवर सप्लाय आहे, तर आता सळई उणे खिळ्याला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला पाहिजे. लुकलुकतोय म्हणजे धारा जोडली आणि तोडली जातेय, तोडणारा जिवंत आहे. तरीही कॉइलच्या जाड वायरवर ठिणगी नसेल तर कॉइलची आतली बारीक गुंडाळी तुटलेली, नाहीतर ती वायर. बल्ब सतत पेटलेलाच राहिला तर तोडणारा झोपलाय : पॉइंट मिटत नाहीत, किंवा पिकअप अथवा इग्नायटर गेला, किंवा त्याची अर्थिंग सुटली. आणि बल्ब अजिबात पेटलाच नाही तर दोन शक्यता उरतात. एकतर कॉइलची जाड गुंडाळी तुटली, नाहीतर उणे बाजू कुठेतरी कायमची अर्थ झाली. ओळखायचं कसं? उणे खिळ्यावरच्या सगळ्या वायरी काढा आणि रिकाम्या खिळ्याला सळई लावा. आता पेटला, तर कॉइल निर्दोष आहे आणि काढलेल्या वायरींपैकी एखादी अर्थ झालीय. आताही नाही पेटला, तर कॉइल गेली.

ही शेवटची तपासणी मी वेगळी लिहिली, कारण आमच्याकडे मुलांना आणणाऱ्या एका व्हॅनचं नेमकं हेच झालं. आठ-दहा दिवसांत तिचे प्लग बदलले, मग कॅप, मग कॉइल. काकांचे हजारो रुपये गेले आणि पोरं दोन वेळा भर उन्हात रस्त्यावर उभी राहिली. काका वैतागून म्हणाले, "करंटच ई नही ऱ्हायना, मॅडम, आते काय सोनानी कॉइल टाकू का?" शेवटी एका वायरिंगवाल्याने उणे खिळ्यावरच्या वायरी सोडवल्या तर तिथे दोनऐवजी तीन निघाल्या. तिसरी गॅस किटच्या स्विचकडे गेलेली. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन फिरतंय की नाही हे कळावं म्हणून किटवाले तिथून एक बारीक वायर घेतात. ती सीटच्या पत्र्याला घासून उघडी पडली होती आणि सीटवर कुणी बसलं की अर्थ होत होती. माणूस उतरला, सीट हलकी झाली, की गाडी चालू! बदललेली कॉइल, कॅप, प्लग सगळं नवं कोरं होतं आणि दोष एका इंचाच्या इन्सुलेशनमध्ये.

कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर जोडलेल्या वायरिंगवर आधी संशय घ्या, हे माझं ठाम मत आहे. गॅस किट, अलार्म, म्युझिक सिस्टीम, आणि जुन्या मारुतींमध्ये हमखास असणारा 'चोर स्विच'. हा स्विच कुठेतरी डॅशबोर्डखाली किंवा सीटखाली लपवलेला असतो आणि कॉइलचा सप्लाय तोडतो. एखाद्या पोराचं दप्तर त्याला लागलं की गाडी बंद. आधीच्या मालकाने बसवलेला असेल तर नव्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

आपल्याकडचं हवामान

मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटते तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी ओलांडतो, मेमध्ये पंचेचाळीसच्याही वर. ओम्नीच्या सीटखाली याहून कितीतरी जास्त. जुनी कॉइल किंवा इग्नायटर थंड असताना ठणठणीत चालतो आणि तापला की मरतो. अर्धा तास थांबलं की पुन्हा जिवंत. गॅरेजला नेईपर्यंत गाडी बरी होते आणि मिस्त्री म्हणतो, काहीच बिघाड नाही. यावर उपाय एकच : गाडीत जादा प्लग आणि टेस्ट लॅम्प ठेवायचा आणि गाडी मेलेली असतानाच तपासायचं. डॉक्टरकडे ताप असतानाच जावं, तसं.

पावसाळ्यात वेगळी गंमत. कॅपच्या आत ओलावा साचतो, किंवा कॅपला केसासारखी चीर असते आणि तिच्यात कार्बनची काळी रेघ तयार होते. ठिणगी प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून पाहिलं तर वायरींवर निळ्या मुंग्या धावल्यासारख्या दिसतात. कॅप कोरड्या फडक्याने पुसून लावली की तात्पुरतं चालतं, चीर असेल तर बदलायलाच हवी. वायरी काढण्याआधी चिकटपट्टीने 1, 2, 3 क्रमांक लावा. तीन सिलिंडरच्या या इंजिनाचा ठिणगीचा क्रम 1-3-2 असतो. वायरी अदलाबदल झाल्या तर ठिणगी असूनही गाडी नुसती फटफट करते. राहिले उंदीर. गाडी कापसाच्या किंवा धान्याच्या खळ्याशेजारी उभी असेल तर वायरिंग कुरतडलेलं आहे का ते आधी डोळ्यांनी पाहा.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीही पाहा. ती गंजली की परतीची धारा दुसरी वाट शोधते, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून, आणि ती केबल तापते.

नव्या, म्हणजे एमपीएफआय गाड्यांबद्दल थोडक्यात. तिथे धारा तोडायचं काम संगणक करतो, आणि क्रँक किंवा कॅमच्या सेन्सरने कळवल्याशिवाय तो काही करत नाही. चावी चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतच नसेल, तर संगणकालाच सप्लाय नाही, मुख्य रिले आणि फ्यूज पाहा. दिवा लागतोय तर स्कॅनर जोडून कोड वाचून घ्या. संगणकाच्या वायरींना बल्बचा टेस्टर लावू देऊ नका.

ती 'डायरेक्ट वायर'

आता पालकांनो, हे नीट वाचा. कॉइलला सप्लाय नाही असं कळलं, की रस्त्यावरचा सोपा उपाय म्हणजे बॅटरीच्या अधिक टोकापासून कॉइलच्या अधिकला एक वायर ओढणे. गाडी लगेच चालू होते. सगळे खूश. आणि ती वायर तशीच महिनोन्‌महिने राहते.

त्या वायरमध्ये बहुतेक वेळा फ्यूज नसतो. हिशेब करा : एक चौरस मिलिमीटर जाडीच्या दोन मीटर तांब्याच्या वायरचा रोध साधारण 0.035 ओहम. ती सीटच्या पत्र्याला घासून अर्थ झाली, तर बॅटरीचा अंतर्गत रोध धरूनही दोनशेच्या वर अँपिअर धारा वाहू शकते. म्हणजे त्या एका वायरमध्ये एक-दीड किलोवॉटहून जास्त उष्णता, एखाद्या विजेच्या शेगडीइतकी. काही सेकंदांत इन्सुलेशन पेटतं. जवळच कार्ब्युरेटर, पेट्रोलचा पाइप, कदाचित गॅसचा पाइप. आणि वर सीटवर मुलं.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. चावी काढली तरी कॉइलचा सप्लाय चालूच राहतो. पॉइंट मिटलेले असतील तर 12 × 12 ÷ 3, म्हणजे 48 वॉट सतत कॉइलमध्ये जिरतात. गाडी उभी, आत कुणी नाही, आणि कॉइल भाजत राहते. अपघात झाला तर चावी फिरवून इंजिन बंद करता येत नाही, हे आणखी वेगळं.

अडचणीत गाडी गॅरेजपर्यंत न्यायची म्हणून अशी वायर लावावी लागलीच, तर बॅटरीजवळ 10 किंवा 15 अँपिअरचा फ्यूज टाकून, मुलांना दुसऱ्या गाडीने पाठवून, आणि त्याच दिवशी ती काढायच्या बोलीवर. एरवी नाही.

महाराष्ट्रात शालेय बसविषयीचे 2011 चे नियम आहेत. त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला सांगितलं आहे, मुख्याध्यापक तिचे प्रमुख असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही असतो. गाडीत अग्निशामक ठेवणंही बंधनकारक आहे. समितीच्या बैठकीत कागदपत्रं, विमा, फिटनेस यांची चर्चा होते, ती व्हावीच. पण एकदा व्हॅनवाल्या काकांना विनंती करून पुढची सीट उचलायला सांगा. त्यांच्यावर संशय घेतोय असं वाटू देऊ नका. बिचारे तेही त्याच सीटवर बसतात. बॅटरीच्या अधिक टोकावर किती वायरी आहेत ते मोजा आणि प्रत्येक जादा वायर कुठे जाते ते विचारा. मग चावी काढायला लावून टेस्ट लॅम्पची क्लिप इंजिनाला आणि सळई कॉइलच्या अधिक खिळ्याला लावा. चावी खिशात असताना बल्ब पेटला, तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत मुलं त्यात बसवू नका.